साठेखत आधी, ताबा दहा महिन्यांनी : एका जुन्या फ्लॅटच्या खरेदीचा अनुभव

पुण्यात सिंहगड रस्त्यावरील आनंदनगर भागात, १९९८ साली बांधलेल्या इमारतीतील एक वन बीएचके फ्लॅट आम्ही पती-पत्नींनी भाड्याने देण्यासाठी विकत घेतला. बोलणी नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीनंतर सुरू झाली आणि ताबा डिसेंबर २०२४ मध्ये मिळाला. जुन्या फ्लॅटचा व्यवहार साधारणपणे दोन-तीन महिन्यांत आटोपतो. आमचा वर्षभर चालला, आणि तो मुद्दामच तसा आखलेला होता. हाताशी पुरेशी रक्कम नाही, कर्जाची पात्रता अपुरी आहे आणि विकणाऱ्याच्या घरावरही कर्जाचा बोजा आहे, अशा परिस्थितीत एकही रुपया रोखीत न देता व्यवहार कसा बसवता येतो, हे मला त्या वेळी कोणी सविस्तर सांगितले असते तर फार धीर आला असता. म्हणून हे सर्व क्रमाने लिहीत आहे.

आमच्या राहत्या घराच्या कर्जाचा ३१ हजारांचा हप्ता सप्टेंबर २०२४ मध्ये संपणार होता. तोपर्यंत बँक नवीन कर्जासाठी आमच्या उत्पन्नातून तो हप्ता वजा करूनच हिशेब करणार हे उघड होते. चौकशी केली तेव्हा ३१ लाखांच्या पुढे कर्ज बसणार नाही असे उत्तर मिळाले. फ्लॅटची मागणी होती ६१ लाख. आमच्याकडे बचत आणि म्युच्युअल फंड मिळून साडेतेरा लाख होते आणि ८ लाखांची एक मुदत ठेव होती, जी ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण होणार होती. म्हणजे आम्हाला पैशांपेक्षाही वेळेची गरज अधिक होती. दहा-अकरा महिन्यांनी आम्ही हा फ्लॅट आरामात घेऊ शकत होतो, आज मात्र नाही.

मध्यस्थाने पहिल्याच भेटीत सुचवलेला मार्ग म्हणजे कागदावर किंमत कमी दाखवून काही भाग रोखीत देणे. तो आम्ही तिथेच नाकारला. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीत स्वीकारण्यास तेव्हाच्या आयकर कायद्याच्या (१९६१) कलम २६९एसएस ने मनाई होती आणि घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकत होता. शिवाय कागदावरची किंमत कमी झाली की बँकेचे कर्जही त्याच प्रमाणात कमी होते, त्यामुळे आमच्यासारख्या कर्जावर अवलंबून असलेल्या खरेदीदाराचे त्यात दुहेरी नुकसान होते.

खरी वाट सापडली ती विकणाऱ्या काकांशी समोरासमोर बसून बोलल्यावर. काका सत्तरी ओलांडलेले, निवृत्त. मुलगी कोल्हापूरला असते, तिच्या जवळच त्यांनी स्वतःचे छोटे घर बांधायला घेतले होते आणि ते २०२४ च्या अखेरीस पूर्ण होणार होते. तोपर्यंत त्यांना पुण्यातच राहायचे होते, कारण काकूंच्या गुडघ्याचे उपचार इथे चालू होते. फ्लॅटवर मुलीच्या शिक्षणासाठी पूर्वी घेतलेल्या तारण कर्जाचे सुमारे १४ लाख बाकी होते आणि त्याचा १९ हजारांचा हप्ता निवृत्तिवेतनातून जाताना त्यांची ओढाताण होत होती. काकू म्हणाल्या, “आम्हाला सगळे पैसे आज नकोत, पण हा हप्ता एकदाचा थांबला पाहिजे आणि घर बांधून होईपर्यंत आम्हाला कोणी हलवू नये.” व्यवहाराची सगळी रचना या एका वाक्यावर उभी राहिली. जुनी मालमत्ता घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला माझे मनापासून सांगणे आहे की किंमत किती कमी कराल हे विचारण्याआधी, मिळालेल्या पैशांचे तुम्ही काय करणार आहात आणि ते कधी लागणार आहेत, हे विकणाऱ्याला विचारावे. मध्यस्थामार्फत हा प्रश्न सहसा पोहोचतच नाही.

डिसेंबरमधील दोन-तीन बैठकांत ठरले ते असे. किंमत ५८ लाख. विसार म्हणून १ लाख. नोंदणीकृत साठेखताच्या, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या कराराच्या वेळी १४ लाख, ज्यातून काकांचे कर्ज फेडले जाईल. मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्येकी २ लाख. उरलेले ३७ लाख डिसेंबरमध्ये आमच्या गृहकर्जातून, खरेदीखत (मालकी देणारा अंतिम दस्त) आणि ताब्याच्या दिवशी. मधल्या काळात काका-काकू तिथेच राहतील. आम्ही भाडे मागायचे नाही, त्यांनी बाकी रकमेवर व्याज मागायचे नाही. किंमत ३ लाखांनी उतरली ती घासाघीस करून नव्हे. ताबा न घेता १५ लाख आधी देण्याची आमची तयारी आणि त्यामुळे त्यांचे वाचणारे वर्षभराचे व्याज यांचा हिशेब काकांनी स्वतः वहीत मांडला आणि आकडा त्यांनीच सुचवला.

जानेवारी वकिलांकडे गेला. माझी पहिली कल्पना अशी होती की थेट खरेदीखत करावे आणि बाकी रक्कम हप्त्यांनी देऊ असे त्यात लिहावे. वकिलांनी त्यातील अडचण दाखवली. पूर्ण किंमत मिळण्यापूर्वी मालकी खरेदीदाराकडे गेली, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार न मिळालेल्या रकमेपुरता विकणाऱ्याचा त्या मालमत्तेवर बोजा राहतो. असा बोजा असलेल्या घरावर बँक कर्ज देण्यास तयार होत नाही, कारण तिला पहिला हक्क स्वतःचा हवा असतो. उलट, साठेखत करून मालकी काकांकडेच ठेवली तर त्याच कलमानुसार, ताब्यापूर्वी दिलेल्या रकमेपुरता बोजा खरेदीदाराच्या बाजूने निर्माण होतो, मात्र त्याने विनाकारण ताबा नाकारलेला नसावा. साठेखताने मालकी मिळत नाही हे खरे. पण ते नोंदवलेले असल्याने पुढे कोणीही शोध घेतला तरी आमचा करार समोर येतो. हे समजल्यावर १५ लाख आधी देण्याची माझी धास्ती बरीच कमी झाली.

साठेखताच्या मसुद्यातील काही अटी विशेष महत्त्वाच्या होत्या आणि त्यांवर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला. काकांचे वय लक्षात घेऊन काकू आणि मुलगी यांना ‘मान्यता देणार’ म्हणून दस्तात सामील केले आणि करार वारसांवर बंधनकारक राहील असे स्पष्ट लिहिले. हा विषय काढताना मला फार संकोच वाटत होता. काकांनीच तो सोपा केला आणि मुलीला फोन लावून दिला. दुसरी अट मूळ कागदपत्रांची होती. कर्ज फिटल्यावर मूळ करार, सूची दोन (दस्त नोंदणीचा उतारा) आणि भागपत्र (संस्थेचे शेअर सर्टिफिकेट) काकांच्या हाती परत येणार होते, आणि मूळ कागद दुसऱ्या कोणाकडे ठेवून त्यावर पुन्हा कर्ज घेणे कायद्याने शक्य असते. काकांवर अविश्वास नव्हता, पण दहा महिन्यांत माणसावर कोणता प्रसंग येईल हे सांगता येत नाही. म्हणून सर्व मूळ कागद मोहोरबंद पाकिटात वकिलांकडे राहतील आणि दोघांच्या सहीशिवाय कोणालाही दिले जाणार नाहीत, असे ठरले. आमच्या कर्जाला उशीर झाला तर ६० दिवसांची वाढीव मुदत, त्यानंतर बाकी रकमेवर द.सा.द.शे. १२ व्याज, त्यांच्याकडून ताबा लांबला तर दररोज १ हजार रुपये, आणि त्यांनी व्यवहार मोडला तर घेतलेल्या रकमेबरोबर आमचे मुद्रांक शुल्कही परत. दोन्ही बाजूंना सारख्याच बांधून ठेवणाऱ्या अटींवर सही करताना कोणालाच अवघड वाटत नाही.

याच महिन्यात तीन गोष्टी समांतर चालू होत्या. वकिलांनी मालमत्तेचा ३० वर्षांचा शोध घेतला आणि दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली. १४ दिवसांत हरकत आली नाही. काकांच्या कर्ज देणाऱ्या संस्थेकडून साठेखतासाठी ना-हरकत पत्र आणि कर्ज पूर्ण फेडण्याची रक्कम सांगणारे फोरक्लोजर लेटर मागवले. आणि काकांचा पॅन आधारशी जोडलेला आहे ना, हे आयकराच्या संकेतस्थळावर तपासले. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराला तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४-आयए नुसार १ टक्का कर कापावा लागत असे, आणि विकणाऱ्याचा पॅन निष्क्रिय असेल तर तोच दर २० टक्के होत असे. त्या काळात अनेक खरेदीदारांना अशा फरकाच्या नोटिसा येत होत्या.

साठेखताची नोंदणी फेब्रुवारी २०२४ मध्ये हवेलीच्या एका दुय्यम निबंधक कार्यालयात झाली. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह ७ टक्के आहे. निवासी जागा केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. दस्तात पुरुष सहखरेदीदार असला तर ती मिळत नाही, म्हणून फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला आणि माझे पती पुढे फक्त सहकर्जदार झाले. त्यासाठी बँकेचा होकार आधीच घेऊन ठेवावा, कारण काही ठिकाणी सहकर्जदाराने सहमालक असण्याचा आग्रह धरतात. ६ टक्क्यांनी ३ लाख ४८ हजार मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी ई-चलनाने भरली. पूर्ण शुल्क साठेखतावरच भरल्यामुळे नंतरचे खरेदीखत नाममात्र शुल्कात झाले.

नोंदणीच्या दिवशी काकांच्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटेना. वयामुळे बोटांच्या रेषा झिजलेल्या होत्या. लिपिकाने ओला रुमाल मागवला, बोट पुसून, कोरडे करून, काचेवर हलके टेकवायला सांगितले, मग दुसऱ्या बोटाने प्रयत्न झाला. तोपर्यंत मागची रांग अस्वस्थ झाली होती आणि काका ओशाळून सर्वांची क्षमा मागत होते. शेवटी ठसा घेतला गेला. ज्येष्ठ विक्रेते असतील तर सकाळची पहिली वेळ आरक्षित करावी आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार मूळ ओळखपत्रांसह वेळेआधी हजर ठेवावेत, एवढे मी आवर्जून सांगेन.

नोंदणीनंतर लगेच कर्जफेड केली. या टप्प्यासाठी म्युच्युअल फंड विकले, बचत वापरली आणि मुदत ठेव न मोडता तिच्यावर साडेसहा लाखांचा ओव्हरड्राफ्ट घेतला. ठेवीवर ७.१ टक्के मिळत होते, ओव्हरड्राफ्टला ८.१ टक्के द्यावे लागले. मुदतपूर्व ठेव मोडण्याच्या तुलनेत हा मार्ग आम्हाला स्वस्त पडला, आणि आठ महिन्यांनी ठेव पूर्ण झाल्यावर तो आपोआप फिटला. १४ लाखांतून १ टक्का, म्हणजे १४ हजार कर कापून १३ लाख ८६ हजार द्यायचे होते. फोरक्लोजरची रक्कम त्याहून थोडी कमी होती, म्हणून तेवढी रक्कम आरटीजीएसने थेट कर्जखात्यात भरली आणि उरलेली काकांच्या खात्यात. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे: फोरक्लोजर लेटरवर तारीख आणि दररोजचे व्याज लिहिलेले असते; तारीख उलटली की नवे पत्र घ्यावे लागते. नोंदणीची तारीख पक्की झाल्यावरच ते पत्र मागवावे.

मूळ कागदपत्रांसाठी मात्र वाट पाहावी लागली. ती दुसऱ्या शहरातील मध्यवर्ती भांडारात असल्याचे सांगून संस्थेच्या शाखेने हात वर केले. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे बंधनकारक आहे आणि संस्थेमुळे विलंब झाला तर दररोज ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. काकांच्या सहीने या परिपत्रकाचा उल्लेख असलेला लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना कागद आले. पाकीट वकिलांकडे बंद झाले, तेव्हा कुठे मला स्वस्थ वाटले.

मेचा हप्ता शांतपणे गेला. जुलै मात्र कसोटीचा ठरला. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात मालमत्तेवरील दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा कर १२.५ टक्के झाला, पण इंडेक्सेशन, म्हणजे मूळ खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरण्याची सोय, काढून टाकले गेले. फ्लॅट १९९८ चा असल्याने काकांच्या दृष्टीने हा फार मोठा फरक होता. त्याच रात्री त्यांचा फोन आला. आवाज थकलेला होता. व्यवहार मोडायचा नाही, पण माझे काय होईल, एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन सनदी लेखापालांकडे गेलो. नवीन घर बांधण्यात नफा गुंतवल्यास कलम ५४ ची सवलत मिळू शकते, मात्र घराचे बांधकाम हस्तांतरणापासून तीन वर्षांच्या आत पूर्ण व्हायला हवे, आणि कोल्हापूरच्या घराची बिले व देयके नीट जपून ठेवायला हवीत, असे त्यांनी समजावले. ऑगस्टमध्ये सरकारने दुरुस्ती केली आणि २३ जुलैपूर्वी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तींना जुन्या पद्धतीने, म्हणजे इंडेक्सेशनसह २० टक्क्यांनी कर मोजण्याचा पर्याय दिला. ऑगस्टचा हप्ता द्यायला गेलो तेव्हा काकूंनी शिरा केला होता. वर्षभर चालणाऱ्या व्यवहारात कायदा मध्येच बदलू शकतो आणि त्याची झळ समोरच्याला लागली तरी व्यवहार आपलाच अडतो. म्हणून त्या दिवसाची लेखापालांची फी आम्ही दिली, आणि ती योग्यच होती असे मला आजही वाटते.

सप्टेंबरमध्ये आमचे जुने कर्ज संपले. त्याचा दाखला आणि शून्य बाकीचे विवरण घेऊन ऑक्टोबरमध्ये नव्या कर्जाचा अर्ज केला. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा असते. आमची मागणी ६४ टक्क्यांच्या आतच होती, त्यामुळे मूल्यांकनाची चिंता नव्हती. बँकेने आमच्या स्वतःच्या २१ लाखांचा पुरावा मागितला. प्रत्येक हप्ता बँकेतून दिलेला, प्रत्येकाची काकांची पावती आणि कर भरल्याचे चलन जोडीला, त्यामुळे ही फाइल एका बैठकीत मान्य झाली. अडचण आली ती अनपेक्षित ठिकाणी: सेरसाईच्या (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) नोंदीत काकांचे फिटलेले कर्ज अजून चालूच दिसत होते. जुन्या संस्थेने बोजा उतरवल्याची नोंद केलीच नव्हती. पत्रव्यवहारात जवळजवळ तीन आठवडे गेले. कर्ज फिटल्यावर बेबाकी (काही बाकी नसल्याच्या) दाखल्याबरोबर ही नोंदही महिन्याभरात तपासून घ्यावी.

गृहनिर्माण संस्थेने हस्तांतरणासाठी ‘विकास निधी’ म्हणून ५० हजार मागितले. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकानुसार हस्तांतरण अधिमूल्य महापालिका क्षेत्रात कमाल २५ हजार आहे, आणि देणगीच्या नावाखाली अधिक घेता येत नाही. परिपत्रकाची प्रत लावून विनम्र पत्र दिले. समितीच्या पुढच्या सभेत २५ हजारांवर निर्णय झाला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खरेदीखत झाले. बँकेचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) ३६ लाख ६३ हजारांचा होता. उरलेले ३७ हजार करकपातीचे. प्रत्येक रकमेसाठी कापलेला कर भरण्याचा फॉर्म २६क्यूबी तेव्हा वेगळा भरावा लागत असे, ज्या महिन्यात कर कापला त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत, आणि त्यानंतर करकपातीचा दाखला, म्हणजे फॉर्म १६बी, विकणाऱ्याला द्यायचा असे. काकांसाठी मी सर्व १६बी एका फाइलमध्ये लावून दिले, कारण विवरणपत्र भरताना त्यांना त्यांचीच गरज पडणार होती. गहाणाची सूचना ३० दिवसांत नोंदवण्याचे काम बँकेच्या प्रतिनिधीने ऑनलाइन करून घेतले.

किंमत सोडून झालेला खर्च, म्हणजे मुद्रांक, नोंदणी, १ टक्का मध्यस्थी, वकील, नोटिसा, संस्थेचे शुल्क आणि बँकेची प्रक्रिया फी, पाच लाखांच्या आसपास गेला. असा व्यवहार आखताना ही रक्कम सुरुवातीलाच वेगळी काढावी लागते, कारण तिच्यासाठी कर्ज मिळत नाही आणि तिचा मोठा भाग साठेखताच्या दिवशीच लागतो. ८.७५ टक्के दराने १५ वर्षांसाठी हप्ता सुमारे ३७ हजार बसला. जानेवारी २०२५ पासून भाडे १७ हजार येते. वीस हजार दरमहा पगारातून घालावे लागतात. भाड्यात हप्ता निघेल असे कोणी सांगत असेल तर पुण्यातील जुन्या फ्लॅटच्या बाबतीत तो हिशेब स्वतः मांडून पाहावा. आमच्या जुन्या कर्जाचा सुटलेला हप्ता हा फरक भरून काढतो, म्हणूनच आम्हाला हे झेपले. महावितरणच्या बिलावरील नाव जानेवारीतच बदलले. मालमत्ता कराच्या नोंदीसाठी सूची दोन, संस्थेचे पत्र आणि चालू वर्षाची कराची पावती जोडून अर्ज दिला आहे, आणि पुढचे बिल माझ्या नावाने येईल असे खिडकीवर सांगितले आहे.